खोलीत किती जण?

सोमवार, ३ तारीख

या सुरीने लोणीसुद्धा कापलं जाणार नाही, कांदा तर लांबच राहिला. हे आधी लिहून टाकते. मागाहून म्हणशील, आईला सगळ्यात खोट काढायची सवय. सवय आहेच. पण सुरीही बोथट आहेच.

बरं, तू कशी आहेस? आम्ही नीट पोचलो. ठकी गाडीत उलटी न करता आली, हे पहिलं नवल. तू सांगितलंस, आई, पोरगी काय खाते, काय बोलते ते रोज लिही, बरी होऊन आले की वाचेन. चौथी शिकलेल्या बाईच्या हातात वही देतेस, भोग आता. काना-मात्रा मोजत बसू नकोस.

हॉटेल म्हणजे नुसतं नाव. फुलं नाहीत, गालिचा नाही. महिना-दोन महिने अडकून पडलेल्या लोकांचं ठिकाण आहे. निम्मे तुझ्या दवाखान्यातल्या पेशंटांचे नातेवाईक. आमची खोली तिसऱ्या मजल्यावर. दोन खाटा, उघडला की पलंग होणारा एक सोफा आणि कोपऱ्यात स्वयंपाकाचा ओटा. शेगडी काचेची, तापली की नाही ते हात पोळल्यावर कळतं. फ्रीज म्हाताऱ्या सासऱ्यासारखा कण्हतो. कपाटाच्या दाराला आतून यादी चिकटवली आहे, ती ठकीने मोठ्याने वाचली: ताटं तीन, पेले तीन, चमचे तीन.

तीन का, ते सांगते. काउंटरवरच्या बाईने मान वर न करता विचारलं, किती जण? मी म्हटलं, तीन. ठकीने माझा पदर ओढला, मी तिला चिमटा काढला. तुला माहीत आहे आपल्या घरची रीत. माणूस परगावी असो नाहीतर दवाखान्यात, मोजताना त्याला गाळायचं नाही. तुझा बाप आजारी होता तेव्हा शेजारणीने विचारलं, जेवायला किती, आणि माझ्या तोंडून सहाऐवजी पाच निघालं. तो आठवडा काही त्याने काढला नाही. तेव्हापासून माझी जीभ ती चूक करत नाही.

बाईने नियम सांगितले. रोज सकाळी दहाला खोलीत फोन वाजतो. मोठ्या माणसाने उचलायचा आणि खोलीत किती जण ते सांगायचं. तेवढे टॉवेल दाराशी येतात. आकडा कमी करायचा असेल तर फोनवर सांगितलं की झालं. वाढवायचा असेल तर ते माणूस काउंटरवर आणून दाखवावं लागतं. मी म्हटलं, बाई, माझं वय बघ, आता मी कुठली वाढवतेय. ती हसली नाही.

खिडकीतून तुझा दवाखाना अगदी समोर दिसतो. चौथा मजला, डावीकडून सातवी खिडकी. ठकीने हात हलवला, तू दोन्ही हात हलवलेस आणि डोक्यावरचा रुमाल सरकला. पोरीने हात खाली घेतला. मी म्हटलं, केसांचं काय एवढं, तुझ्या आईचे पहिल्यापासून वाजवीपेक्षा जास्तच होते.

मंगळवार, ४ तारीख

दहाला फोन. तीन म्हटलं. तीन टॉवेल आले.

ठकीने सकाळी एक अंडं आणि दूध घेतलं, दुपारी भात. भाजीची वाटी सोफ्याखाली ढकलली होती, ती मी काढली आणि तिच्यासमोर ठेवली. खाल्ली. रडली, पण खाल्ली.

तुझा डबा बाराला खालच्या खिडकीत दिला. वर सोडत नाहीत, तिथली नर्स मला जंतूच समजते. ठकीला तर फाटकातूनही आत घेत नाहीत. म्हणून अर्धा तास तिला खोलीत ठेवते, बाहेरून कुलूप. ती खिडकीत उभी राहते, म्हणजे तुलाही दिसते.

तिला एक वळण लावायचं राहिलंय तुझं. हाक मारली की "ओ" म्हणावं. ही म्हणते "काय". शंभरदा सांगितलं, तरी "काय". बापाचं वळण. जावईबापू बोटीवर बसून समुद्र मोजतात, इथे पोरगी "काय" म्हणते.

तुझं ताट मांडलं आणि पालथं घातलं, नेहमीसारखं. संध्याकाळी उचललं तर ओलं होतं. ठकीने धुतलं असेल. तसं असेल तर शहाणी होतेय.

गुरुवार, ६ तारीख

ठकीने धुतलं नव्हतं. मी विचारलं.

तिसरा टॉवेलही ओला असतो. मी आंघोळ करते एकाने, ठकी एकाने, तिसरा घडी घालून कपाटात ठेवते. आज घडी होती तशीच होती आणि पिळला तर पाणी निघालं. साफसफाईवाली म्हणाली, आम्ही आत येतच नाही, सगळं दाराशी ठेवतो. कुठेतरी नळ गळत असेल. प्लंबरला बोलवा म्हटलं तर काउंटरवरची म्हणाली, तुम्ही तिघी आहात, पाणी तेवढं लागणारच.

ठकीने आज दोन वेळा नीट खाल्लं. सोफ्यावर बसून पत्ते खेळत होती. एकटी खेळतेस का, म्हटलं. म्हणाली, नाही. पत्ते तीन वाटे करून मांडले होते.

शुक्रवार, ७ तारीख

तुझा फोन आला तेव्हा मी भाजी चिरत होते. तू खुशीत होतीस. म्हणालीस, आई, आज ठकीची वेणी किती छान घातलीस. मी हो म्हटलं. मग म्हणालीस, तू डबा द्यायला खाली आली होतीस, तेव्हा ठकीच्या मागे कोण उभं होतं?

मी म्हटलं, साफसफाईवाली.

पोरी, मी तिची वेणी घातलीच नव्हती. माझ्या बोटांना आता एवढी बारीक वेणी जमत नाही. ठकीला जवळ घेऊन वेणी बघितली. कानाच्या वरून सुरू होणारी, शेवटी दोन गाठी. तू घालायचीस तशी.

रविवार, ९ तारीख

आज डबा देऊन परत येताना रस्त्यातच थांबून वर बघितलं. आधी खिडक्या मोजल्या, चूक नको म्हणून. तिसरा मजला, आमची खिडकी. ठकी काचेशी उभी. तिच्या मागे एक बाई, पाठमोरी, कमरेखाली जाणारी वेणी. तशी वेणी तुला होती. लग्नाच्या फोटोत आहे. आता तुझ्या डोक्यावर एक केस नाही, हे मला ठाऊक आहे, मीच उशीवरून गोळा केलेत.

धावत वर गेले. या गुडघ्यांनी जितकं धावता येतं तितकं. कुलूप लागलेलं होतं. आत ठकी एकटी.

ठकीला विचारलं, कोण येतं? म्हणाली, आई. कुलूप असताना कशी येते? तर म्हणाली, येत नाही आजी, ती पहिल्या दिवसापासून इथेच आहे, तूच नाही का काउंटरवर सांगितलंस.

मी तिला मारलं. कधी मारत नाही. लिहायचं ठरलंय म्हणून लिहिते.

सोमवार, १० तारीख

सकाळी साडेनऊला ओट्याशी कुणीतरी भांडी विसळत होतं. ठकी माझ्याजवळ खाटेवर होती. मी तिची मान माझ्याकडे वळवून धरली आणि स्वतः बघितलं. पाठ होती फक्त. पाणी वाहत होतं, भांड्याचा आवाज नव्हता. मी म्हटलं, कोण गं तू? तिने हात पुसले. तिसऱ्या टॉवेलला. मग तिथे टॉवेलच राहिला.

दहाला फोन वाजला.

तुला गाळायचं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. तुझ्या बापाच्या वेळचं "पाच" माझ्या तोंडात अजून कडू आहे. पण ठकी आठ वर्षांची आहे आणि तिच्या केसांना ती हात लावते. मी रिसीव्हर धरून उभी राहिले. पलीकडची दोनदा म्हणाली, किती जण?

दोन म्हटलं.

ती म्हणाली, ठीक आहे, दोन.

लगेच तुला फोन लावला. दोनदा नंबर चुकला. तू हसलीस. म्हणालीस, आई, रिपोर्ट चांगले आलेत, शनिवारी सोडतायत, ठकीला पिवळा फ्रॉक घालून ठेव. मी संडासात जाऊन रडले. तुझ्यासमोर रडणार नाही, म्हणून इथेही जास्त लिहीत नाही.

ओटा कोरडा. टॉवेल दोनच आले. सुटलो.

फक्त ठकीचे बूट सापडत नाहीत. दाराशीच काढले होते. वेंधळी आहे, रागावले तिला. दप्तरही कुठे टाकलंय कोण जाणे.

मंगळवार, ११ तारीख

उठले तर शेजारची खाट अजून गरम. ठकी, म्हणून हाक मारली.

न्हाणीघरातून आवाज आला. "ओ."

ठकी "ओ" म्हणत नाही.

बुधवार, १२ तारीख

काल दिवसभर शोधलं. जिना, गच्ची, कपडे धुवायची खोली, रस्ता. तिचा फ्रॉक नाही, ब्रश नाही, पत्ते नाहीत. यादीवर ताटं दोन. काउंटरवरच्या बाईने रजिस्टर माझ्यासमोर फिरवलं. एक वयस्कर बाई, एक तिची मुलगी. आठ वर्षांचं कुणी नाही. पोलिसांना बोलावलं, त्यांनीही रजिस्टरच वाचलं आणि मला पाणी दिलं.

म्हटलं, तीन करा. करा पुन्हा तीन. ती म्हणाली, वाढवायचं असेल तर मुलीला इथे आणून दाखवा.

आणायला ती हवी ना, भवाने!

तुला फोन केला. सगळं सांगितलं. तू ऐकून घेतलंस आणि हळू आवाजात म्हणालीस, आई, दमली आहेस तू. ठकी समोर खिडकीत उभी आहे. मला हात करतेय. दहा दिवसांत उंच झाली का गं?

मी मागे वळून बघितलं. खिडकीत पाठ होती. वेणी. ती हात हलवत होती, आणि समोर तूही हलवत होतीस.

इथून जात का नाही, असं विचारशील. ठकीला ठेवून कुठे जाऊ? ती याच खोलीत गेली. याच खोलीतून यायची.

गुरुवार, १३ तारीख

दहाला फोन वाजला. मी ठरवलं होतं, तीन म्हणत राहायचं, रोज म्हणायचं, ते कंटाळेपर्यंत —

ती फोनजवळ होती.

तिने उचलला. माझ्याच आवाजात बोलली. माझ्या दातांतून हवा जाते तशी हवासुद्धा गेली.

"एक."

संध्याकाळ

दाराशी माझ्या चपला नाहीत.

शुक्रवार, १४ तारीख

वाटीत कवळी नव्हती. लुगडं आहे अंगावरचं, एवढंच. चष्मा अजून आहे, म्हणून लिहिते. ताट एकच. ती त्यात जेवतेय. मऊ भात, माझ्या हातचा. मी कधी केला आठवत नाही.

वही डब्याच्या पिशवीत घालतेय. पिशवी दवाखान्याची आहे, इथल्या यादीत नाही. अनवाणी जाईन खाली. पाय आहेत तोवर —

उद्या तू येशील. वर येऊ नको म्हटलं तरी येशील, माझीच पोर. मग नीट ऐक. आत पाऊल टाकू नकोस. दारात मी उभी दिसेन, पिवळा फ्रॉक हातात घेऊन. ती मी नाही. तिच्याशी बोलू नकोस. कुणी किती जण विचारलं तर —

चष्मा

दिसत नाही नीट. बाहेरून हाक मार. ठकी म्हणून. मोठ्याने. "ओ" आली तर मागे फिर, आवाज माझा असो, तिचा असो, तुझ्या बापाचा असो. थांबू नकोस. "काय" म्हणाली तरच तिचा हात धरून काउंटरवर ने — ऐकतेस ना — ठकीनेच बोललं पाहिजे, दुसऱ्या कुणाला उत्तर देऊ देऊ नकोस, तिनेच "काय" म्हण