आच राखण्याचा पगार

ता. ६ जानेवारी

चि. सौ. धाकटीस, अ. उ. आ.

पत्रास कारण की, गेल्या भेटीत तू माझी उशी पळवलीस. हा शब्द मी पूर्ण विचारांती वापरतो आहे. नेली, चुकून सामानात आली, असे सौम्य पर्याय मी तपासून पाहिले. पण जाताना तू स्वतःची उशी माझ्या अभ्र्यात घालून माझ्याच पलंगावर मांडून गेलीस, त्यावरून कट पूर्वनियोजित होता हे सिद्ध होते. तुझ्या त्या वस्तूवर डोके ठेवले की डोके तिथे राहते आणि झोप दुसऱ्या खोलीत जाते. तुझ्या वहिनीचे मत असे की, मान आखडल्यापासून मी येणाऱ्याजाणाऱ्यांकडे वळून बघत नाही, तेव्हा उशी राहू दे.

आता दुसरे प्रकरण. तुमच्या युनियनचे मागणीपत्र इथे मुख्य कचेरीत पोचले. खाली चिटणीस म्हणून तुझी सही आणि पोच म्हणून कामगार अधिकाऱ्याची, म्हणजे माझी. दोन्ही शेजारी-शेजारी पाहून मालकांनी विचारले की, हे मागणीपत्र आहे की भावाबहिणीचे वाटणीपत्र. मी हसलो. अधिकाऱ्याने अशा वेळी हसायचे असते.

नव्या यंत्रामुळे काचेच्या बाटल्या दुपटीने निघतात, म्हणून वाढलेल्या नफ्यात कामगारांचा ठरावीक हिस्सा हवा, हा तुमचा पूर्वपक्ष. त्यावर उत्तरपक्ष असा: यंत्र मालकांनी कर्ज काढून आणले. ते बुडाले असते तर बुडीतातला हिस्सा मागायला तुम्ही आला असता का? या प्रश्नाला उत्तर नाही, त्यामुळे संप होणार नाही, असे माझे अनुमान आहे. लहानपणापासून माझी अनुमाने तुला ठाऊक आहेत.

मेहुण्यांना नमस्कार. उशीला माझी आठवण सांग, आणि रागावली नसशील तर आमच्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा,
दादा

---

ता. १४ जानेवारी

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

तुझी अनुमाने मला चांगली ठाऊक आहेत. त्यांच्या भरवशावर आपण दोघे एकदा छत्रीशिवाय शाळेत गेलो होतो. येत्या सोमवारपासून संप आहे.

तुझ्या बिनतोड प्रश्नाचे उत्तर तपासणी खात्यातली कोणतीही बाई देईल. मागे बाजारात बाटल्यांना उठाव नव्हता तेव्हा आमच्यातल्या निम्म्याजणी घरी बसल्या. मालकांची मोटार घरी बसली नाही. बुडीतातला हिस्सा आम्हाला मागावा लागत नाही रे, तो घरपोच येतो. मागावा लागतो तो फक्त नफ्यातला.

भट्टीची काळजी करू नकोस. ती विझली तर आतली काच थिजते, विटांना तडे जातात आणि पुन्हा काम सुरू व्हायला वर्ष लागते, हे आम्हालाही कळते. म्हणून संपातही आच राखायची ही आमच्याकडची जुनी रीत. भांडण मालकाशी, भट्टीशी नाही. चिठ्ठ्या टाकून तिघे-तिघे आत जातात, जळण घालतात, ज्योत बघतात. बाटली एकही काढत नाहीत आणि पगार घेत नाहीत. फाटकाबाहेर सगळ्यांची चूल जशी मंद, तशीच आतल्यांचीही. पहिल्याच चिठ्ठीत ह्यांचे नाव निघाले. आमचा अध्यक्ष, ज्याला त्याच्या आवाजामुळे सगळे भोंगा म्हणतात, तो म्हणाला की चिठ्ठीलासुद्धा भट्टी-मिस्त्री कोण ते कळते.

एक ठरवू या. संप चालेल तोवर आपली पत्रे चालतील, पण त्यात बोलणी नकोत. तुझ्या बाजूचे तू मला सांगू नकोस, माझ्या बाजूचे मी सांगणार नाही. म्हणजे टेबलाशी समोरासमोर बसताना दोघांनाही मान वर करता येईल. तुझी आखडली असली तरी.

वहिनीला नमस्कार. आहे तसा जीव लावून अस.

तुझी,
धाकटी

दादा, उशी उत्तम आहे. परत मिळणार नाही. — भट्टीवाला

---

ता. २७ जानेवारी

चि. सौ. धाकटीस, अ. उ. आ.

मेहुण्यांची तळटीप वाचून मी तुमच्या घराविरुद्ध सगळे दावे मागे घेतले. पत्राच्या तळाशी एक ओळ, तीही अशी! लांबलचक लिहिणाऱ्या भावाबहिणीला असा माणूस हवाच.

आपला नियम मी पाळतो आहे, म्हणून बोलण्यांविषयी अक्षर नाही. एक गोष्ट मात्र तुला आपोआप कळेल आणि कळल्यावर तू मला शाबासकी देशील अशी खात्री आहे. ज्याने काम केले त्याला वेतन मिळाले पाहिजे, याहून साधा न्याय मला माहीत नाही. त्यासाठी मालकांशी जन्मात पहिल्यांदा आवाज चढवून बोललो. संपावरच्या माणसाला पगार देणारी कंपनी जगात आपलीच असेल, असे ते कुरकुरले, पण मानले. तुझ्या मागणीपत्राचा थोडा गुण मलाही लागला म्हणायचा.

बाकी क्षेम. तुझी उशी वहिनीने दाराला टेकण म्हणून लावली आहे. दार हलत नाही.

घरच्यांसह आमच्यावर कृपादृष्टी असू दे.

तुझा,
दादा

---

ता. ३० जानेवारी

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

दादा, तू काय करून बसलास?

आच राखणाऱ्यांना पगार जमा झाला अशी सूचना त्यांच्या नावांसकट फाटकाच्या फलकावर लागली. ती वाचायला लागतो तेवढ्या वेळात माणसे कशी बदलतात ते मी पाहिले. कोणी शिवी दिली नाही, हात उगारला नाही. नुसती पाठ फिरवली. दुपारी हे चहा घ्यायला बाहेर आले, तर किटली ज्याच्या हातात होती त्याने ती शांतपणे खाली ठेवली. ह्यांच्याच हाताखाली भट्टी शिकलेला माणूस. कोणीतरी विचारले की आत बसायचे मालकाचे दर काय आहेत. मी तिथेच उभी होते. चिटणीस, आणि कामगार अधिकाऱ्याची बहीण. मी काही बोलले असते तर त्याचाही दर विचारला गेला असता.

आता नवी चिठ्ठी निघाली तरी कोणी आत जायला तयार नाही. पगारी माणूस म्हणवून घ्यायचे कोणाला? ह्यांच्याबरोबरचे दोघे मान खाली घालून बाहेर आले. आत एकटे हे आहेत. मी निरोप पाठवला की या बाहेर, चुलीत जाऊ दे ती भट्टी. त्यांनी उलट सांगितले की, बाहेर आलो तर भट्टी मरते, आत राहिलो तर लोक म्हणतात पगारासाठी राहिला. त्यातल्या त्यात भट्टी तरी जगेल. उशी त्यांच्याकडेच आहे. जळणाच्या ढिगापाशी टेकून बसतात म्हणे.

तू चांगल्या मनाने केलेस हे मला ठाऊक आहे. तेच जास्त लागते. विचारले असतेस तर एका ओळीत सांगितले असते. पण नियम मीच घातला होता, आणि तो पाळणारा माणूस जगात तूच एक.

काहीतरी कर.

धाकटी

---

ता. १ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,

हे पत्र कंपनीच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतो आहे, कारण टपालाइतका धीर माझ्याजवळ नाही.

पगार परत घ्यावा हा पहिला विचार मी टाकून दिला. त्याने डाग पुसला जात नाही, अधोरेखित होतो. मग तुझे संपाआधीचे पत्र पुन्हा वाचले आणि स्वतःच्या विद्वत्तेची कीव आली. मला वाटले होते, आच तिघे राखतात. आच सगळे राखतात. बाहेरचे उपाशी बसतात म्हणून आतल्यांना बिनपगारी बसता येते, आणि चिठ्ठी कोणाचीही निघू शकते म्हणून सगळे चिठ्ठी मानतात. मी त्या एका कामातून तिघांना तोडून बक्षीस दिले, आणि उरलेले सगळे तुटले.

हेच मी आज मालकांना सांगितले. पुढे असेही म्हणालो की, ज्या भट्टीला आपण आपले भांडवल म्हणतो, ती गेले कित्येक दिवस आपण एक पैसाही न देता दुसऱ्यांनी जगवली. आता तिच्या वाढलेल्या कमाईत त्यांचा हिस्सा नाही, हे मला कोणत्याच न्यायात बसवून दाखवता येत नाही. बसवणारा दुसरा अधिकारी शोधावा. त्यावर त्यांनी विचारले की, भट्टीवर आत्ता कोण आहे. मी सांगितले, माझा मेहुणा, एकटा.

उद्या सकाळी मी फाटकावर येतो आहे. भोंग्याला सांग की उभे राहायला एक खोके ठेव. मजबूत ठेव, मी वजनदार विधाने करणार आहे.

दादा

---

ता. ९ फेब्रुवारी

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

भाषण करून तू लगेच बोलण्यांच्या टेबलाकडे धावलास, म्हणून मागे काय झाले ते कळवते. हा प्रमाद अनवधानाने घडला असून त्याचे उत्तरदायित्व सर्वस्वी माझे, असे तू म्हणालास तेव्हा फाटकावर शांतता पसरली. तुला वाटले असेल, परिणाम झाला. कोणाला काही कळले नव्हते. भोंग्याने ओरडून सांगितले की साहेब म्हणतात चूक त्यांची, आपल्या माणसांची नाही, पगार कोणी मागितला नव्हता. मग टाळ्या पडल्या. आच सगळ्यांनी राखली, पगार द्यायचाच तर सगळ्यांना द्या, हे मात्र तू सरळ भाषेत म्हणालास. ते लोकांनी तुझ्याकडूनच घेतले.

तू खोक्यावरून उतरलास तशी नवी चिठ्ठी निघाली आणि तिघे आत गेले. पहिला कोण, तर तो किटलीवाला. हे बाहेर आले, घरी चालत गेले आणि आडवे झाले.

कराराची प्रत तुझ्याकडे आहेच. हिस्सा आम्ही मागितला त्याहून कमी, मालकांना सोसेल असे वाटले त्याहून जास्त. दोघांनीही तोंडे वाकडी केली, म्हणजे बरा असावा. यंत्रामुळे कोणी घरी बसणार नाही, हे कलम मी सही करण्याआधी दोनदा वाचले, ते तू पाहिलेस आणि मुद्दाम दुसरीकडे पाहिलेस. तेही मी पाहिले.

काल भट्टीतून पहिली बाटली निघाली. तपासणीत मी ती उजेडासमोर धरली. एक बुडबुडा होता. बाद केली. नियम म्हणजे नियम.

वहिनीला नमस्कार. लोभ होता तितकाच ठेव. वाढवलास तर चौकशी करीन.

तुझी,
धाकटी

---

ता. १५ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस, अ. उ. आ.

पहिलीच बाटली बाद केलीस हे मालकांना सांगितले. ते म्हणाले की, अशा कामगारांना हिस्सा दिला तर निदान माल चांगला निघेल. म्हणजे त्यांनी करार मनातून मानला. तुमच्या हिशेबात याला काय म्हणतात ठाऊक नाही, आमच्यात याला उपरती म्हणतात. पुढच्या वर्षी पुन्हा टेबलाशी भेटूच. मी तयारी आताच सुरू केली आहे. भाषा सोपी करण्याचीही. वहिनी ऐकून घेते आणि जिथे कळत नाही तिथे भोंग्यासारखी ओरडते.

उशीवरचा हक्क मी या पत्राने कायमचा सोडतो. तिने जळणाच्या ढिगापाशी जे काम केले, ते माझ्या पलंगावर उभ्या आयुष्यात केले नव्हते. तुझी उशी दाराला टेकून आहे आणि सुखात आहे.

इतके लिहून पत्र संपवायला हवे होते. पण तुझे पत्र मी पुन्हा-पुन्हा उघडून त्याच्या तळाशी बघतो आहे. तिथे तुझ्या सहीखाली जागा कोरी आहे. फाटकावर लोकांनी मला माफ केले, मालकांनी केले, तूही केलेस. त्या दिवशी मेहुणे बाहेर आले तेव्हा मी आत टेबलाशी होतो, आमची नजरानजर झाली नाही. करार नीट चालेल, भट्टी नीट चालेल, त्याची मला चिंता नाही. मेहुण्यांची ती एक ओळ पुन्हा कधी येणार नाही की काय, याची आहे.

तुमचा,
दादा