नोरीनच्या दुकानातून मी तुम्हाला उठवलं

प्रिय आई,

उद्या शनिवारी सकाळी नोरीनच्या कापडाच्या दुकानात शिवणाचा पहिला वर्ग भरतोय. सुरुवातीला मी तुमच्याबद्दल दोन शब्द बोलावेत अशी तिची इच्छा आहे. समोर निखिल बसलेला असेल, तुमचा मुलगा.

ते दोन शब्द शोधायला आज मी सुट्टी घेतली, आणि सकाळपासून घरात नुसत्या येरझाऱ्या घालतेय. चहा केला तो ओट्यावरच गार झाला. धुण्याच्या मशीनमध्ये कपडे टाकले, बटण दाबायचं राहून गेलं. तीनदा कागद घेऊन बसले, तीनदा उठले. मग लक्षात आलं, लोकांशी बोलण्याआधी तुमच्याशी बोलायचं राहिलंय. तुम्हाला जाऊन पावणेदोन वर्षं झाली, तरी राहिलंच आहे.

तुम्ही इकडे आयर्लंडात, ट्रलीला आलात तो दोन हजार दहाचा उन्हाळा. मी इथल्या हॉस्पिटलात भूल देणारी डॉक्टर, निखिल सोमवार ते शुक्रवार डब्लिनकडे, सिटीवेस्टच्या ऑफिसात, आणि पाच वर्षांच्या ईराच्या शाळेला सुट्टी लागलेली. खरं सांगायचं तर मी तुम्हाला पाहुणी म्हणून बोलावलं नव्हतं, नातीला सांभाळायला बोलावलं होतं. तुम्हाला ते कळलं नव्हतं थोडंच? चौथ्या दिवशी फक्त विचारलंत, इथे कापड कुठे मिळतं?

मी तुम्हाला गावाबाहेरच्या मोठ्या चकचकीत दुकानात नेलं. तुम्ही एका फ्रॉकची शिवण उलटून पाहिलीत आणि तो जागेवर ठेवलात. म्हणालात, हे तर तयार कपडे झाले. मी म्हटलं, आता कापड घेऊन शिवतंय कोण, आणि अगदीच हवं असेल तर नेटवरून मागवू.

"न बघता?" तुम्ही विचारलंत. "कापड हाताला कळतंय, मृणाल. डोळ्याला कुठलं कळतंय?"

मी हसले होते. घड्याळही पाहिलं होतं बहुतेक.

दुकान शेवटी तुम्हीच शोधलंत. रस्त्यात एका बाईच्या हातात कापडाची गुंडाळी दिसली, तिला थांबवलंत, आणि ईराला पुढे करून इंग्रजीत विचारायला लावलंत. बंद पडलेल्या ट्रॅव्हल एजन्सीच्या शेजारचा तो अरुंद दरवाजा. आत छतापर्यंत कापडाची थानं, काचेच्या बरण्यांत बटणं, आणि गळ्यात मापाची टेप घातलेली साठीची नोरीन. मी दोन वर्षं त्या रस्त्याने हॉस्पिटलात जात होते, आई. मला ते दुकान कधी दिसलं नव्हतं.

तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं, तिला मराठी येणं शक्य नव्हतं. ईरा सांगायची की आजी आणि नोरीन नुसत्या कापड चोळतात आणि माना हलवतात. नोरीनकडे शिलाईचं काम करणारी बाई नवऱ्याची नोकरी गेल्यावर अख्ख्या कुटुंबासकट ऑस्ट्रेलियाला निघून गेली होती. लोकांचे पडदे शिवायचे पडून होते. तुम्ही खुणेनेच म्हणालात, द्या इकडे. हे सगळं मला फार नंतर कळलं.

एके दिवशी मी लवकर घरी आले तर दाराला कुलूप. तुमचा फोन आत वाजत होता. बागेत पाहिलं, चर्चच्या फाटकाशी पाहिलं, पावसात तासभर फिरले. शेवटी नोरीनचं नाव आठवलं. दुकानाच्या मागच्या खोलीत तुम्ही मशीनवर बसला होतात. ईरा थानाला टेकून झोपली होती. नोरीन हातवारे करून काहीतरी सांगत होती, आणि तुम्ही मोकळेपणी हसत होतात. माझ्या घरात तुम्हाला असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

मला हायसं वाटायला हवं होतं ना? पण तिथे दोन गिऱ्हाइकं उभी होती, आणि त्यातली एक माझ्या हॉस्पिटलातली नर्स. ती माझ्याकडे पाहत होती.

"तुम्ही इथे शिंपीण म्हणून आला नाहीत," मी मराठीत म्हणाले. "उठा."

तुम्ही चालू असलेली टीप पूर्ण केलीत. दोरा तोडलात. ईराला उचललंत आणि माझ्यामागून बाहेर आलात. वाटेत मी व्हिसाचं बोलत राहिले, पाहुण्यांना इथे काम करता येत नाही, उद्या कोणी तक्रार केली तर. ते खोटं नव्हतं, पण मी चिडले होते ते त्यासाठी नव्हतं. मला लाज वाटली होती. आणि कोणाची? कराडच्या दोन खोल्यांत गल्लीतल्या बायकांचे ब्लाऊज शिवून ज्या बाईने निखिलला इंजिनिअर केलं, तिची!

तुम्ही पुन्हा त्या दुकानात गेला नाहीत. निखिलला सांगितलंत, पाऊस सोसवत नाही, गुडघे धरतात. ठरलेल्या दिवसाच्या महिनाभर आधीच कराडला परत गेलात. तुम्ही मला सांभाळून घेतलंत, आणि मी तुम्हाला तसं करू दिलं. निखिल आजही म्हणतो, "मी पाच-पाच दिवस घरी नसायचो, आई एकटी पडली, कंटाळली." मी त्याच्यासमोर बसून ऐकते. एकदाही म्हटलं नाही की तसं नव्हतं.

तुमची माझ्यावर एक तक्रार असायला हवी होती. निदान एकदा भांडायचं तरी होतंत. उलट दर रविवारी स्काइपवर तुम्ही विचारायचात, नोरीनबाई कशा आहेत? मी सांगायचे, मजेत आहेत, तुमची आठवण काढतात. आई, मी तिकडे फिरकलेच नव्हते. त्या रस्त्याने जायचंही टाळायचे. ईराच्या शाळेतल्या नाटकाचा पोशाखसुद्धा नेटवरून मागवला. तो आला तेव्हा खांद्यात उसवलेला होता.

मग तुम्ही गेलात. आम्ही कराडला पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं.

या वर्षीच्या वसंतात हॉस्पिटलात मनगट मोडलेली एक बाई ऑपरेशनला आली. शेवटचं कधी खाल्लं, कसली ॲलर्जी आहे का, असं मी विचारत होते, आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती. ती नोरीन होती. म्हणाली, "तू ईराची आई ना? अँड हाऊज हरसेल्फ?" घरातल्या मोठ्या बाईची चौकशी इथे अशी मानाने करतात.

मी म्हणाले, "ग्रँड." म्हणजे छान, मजेत.

तुम्हाला जाऊन तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं. "तिला सांग, मी विचारलं होतं," एवढं म्हणून नोरीनने डोळे मिटले आणि मी तिला भूल दिली. हात सवयीने नीट चालले. त्यानंतर मात्र काही नीट चालेना. जेवायला बसले की उठावंसं वाटे, गाडीत बसले की कुठे निघाले होते ते आठवेना.

तीन आठवड्यांनी मी त्या दुकानात गेले. खिडकीत दुकान बंद होणार असल्याची पाटी लागली होती. आत नोरीन डाव्या हाताने कातर चालवायला बघत होती, उजवा हात प्लास्टरमध्ये. मी तिला सांगितलं, त्या गेल्या, आणि त्या दिवशी मी तुझ्याशी खोटं बोलले. ती स्टुलावर बसली. गळ्यातली टेप काढून मांडीवर ठेवली.

"माझं काही चुकलं होतं का?" तिने विचारलं. "ती एकदम यायची बंद झाली. मला वाटलं, मी तिला कामाला जुंपलं, तिचा अपमान झाला."

तीन वर्षं ती बाई हे मनात घेऊन बसली होती! मी म्हटलं, तुझं नाही, माझं चुकलं. आणि दुकानात मी तुम्हाला जे बोलले होते ते तिला इंग्रजीत सांगितलं, शब्दाला शब्द. तिला त्यातलं वाईट काय तेच कळेना.

"पण ती शिंपीण होतीच," ती म्हणाली. "माझ्याहून चांगली. मीही तेच आहे."

मला तिथेच रडू आलं. तुमच्या वेळी कराडला आलं नव्हतं.

तिने कपाटातून एक पिवळा फ्रॉक काढून दिला. तुम्ही ईरासाठी बेतलेला, एकच बाही जोडलेली. घरी आणून ईराला दाखवला. तो तिच्या डोक्यातूनसुद्धा जाईना. "इट्स फॉर अ स्मॉल किड, मॅम," म्हणाली आणि खेळायला गेली. आईला इथल्यासारखं मॅम म्हणते. आठ वर्षांची झालीय ती.

तेव्हापासून मी दर शनिवारी नोरीनकडे जाते. सुरुवातीला तिचा हात बरा होईपर्यंत कापड कापून द्यायला. माझा पहिलाच काप तिरका गेला. त्या वाया गेलेल्या छापील सुती कापडाची नोरीनने मला ऑपरेशनच्या वेळी घालायची टोपी शिवून दिली. ती पाहून थिएटरमधल्या सगळ्यांना तशीच हवी झाली. केरळच्या नर्सेस पडद्यांसाठी आल्या. इथल्या आपल्या चार मराठी घरांनी यंदा गणपतीच्या आराशीचं कापड तिच्याकडून घेतलं. आयरिश नाच शिकणाऱ्या मुलींच्या आया पोशाखांसाठी आल्या. मी भेटेल त्याला सांगत सुटलेय, नेटवर नका मागवू, आधी हात लावून बघा. निखिल म्हणतो, हे काय वेड घेतलंयस? त्याला वाटतं, मला शिवणाची आवड लागलीय.

दुकान तरेल का, ठाऊक नाही. खिडकीतली पाटी नोरीनने काढलीय, पण ती म्हणते, नाताळपर्यंत बघू. वर्गाची कल्पना माझी. मागच्या खोलीत सहा बायका मावतील, नावं अकरा आलीत.

आणि उद्या तिथे मी काय बोलू? आमच्या सासूबाईंना शिवणाची फार आवड होती? नोरीन भोळेपणाने निखिलसमोर त्या दिवसाचा विषय काढेलही. तिला वाटतं, त्याला सगळं माहीत आहे. पण ती बोलेल या भीतीने सांगण्यात काय अर्थ? तुम्ही कंटाळून परत गेला नव्हतात, हे त्याला कळायला हवं. इतकी वर्षं ते मी माझ्यापाशी दाबून ठेवलंय.

संध्याकाळी सहाच्या आगगाडीने तो येतोय. मी स्टेशनवर त्याला घ्यायला जाईन, आणि गाडी सुरू करण्याआधीच सांगेन. मी बोलले ते शब्द, त्याच आवाजात. व्हिसाचा आडोसा घेणार नाही. तो चिडेल, कदाचित उद्या दुकानात यायचाही नाही. आई, तुम्हाला वचन देते, तो जे काही बोलेल ते मी बसून ऐकेन. मध्येच उठून जाणार नाही.

तुमची सून,
मृणाल