कन्येचं नळकाम आणि माझं डॉक्युमेंटेशन

२ सप्टेंबर, सकाळ
आजपासून नवं पर्व. कन्येच्या शाळेने झकास योजना काढली आहे. मुलांनी आवडीचा विषय घरीच आपला आपण शिकायचा, केलेल्या कामाच्या नोंदी ठेवायच्या, त्या पसंत पडल्या की क्रेडिट. कन्येने विषय निवडला प्लंबिंग. पुढे तिला त्याच कोर्सला जायचंय आणि हे क्रेडिट नसेल तर कोर्सवाले दारातही उभं करणार नाहीत. म्हणजे सगळी मदार नोंदींवर. म्हणजे माझ्यावर! उभी हयात ऑफिसात रिपोर्ट लिहिण्यात गेली. स्वेच्छानिवृत्तीनंतर घराला प्रथमच माझी गरज पडली आहे.

बायको म्हणाली, शाळेच्या पत्रकात ‘आपला आपण’ असं लिहिलंय. म्हटलं, मी काय परका आहे?

३ सप्टेंबर
फाइलचं कव्हर तयार. शीर्षक: ‘घरगुती जलप्रवाह व्यवस्थापन : एक सखोल अभ्यास’. कन्येचं म्हणणं, नुसतं ‘नळदुरुस्ती’ लिहा. पोरीचा साधेपणा माझ्यावर गेलाय.

५ सप्टेंबर, सकाळ
घोटाळा. स्वयंपाकघरातला गळका नळ कन्येने मी दाढी करत असताना दुरुस्त करून टाकला. वॉशर बदलला म्हणे. आणि ‘आधी’चा फोटोच नाही! आधी, काम चालू असताना आणि नंतर, असे तीन फोटो हवेतच. पुरावा नसलेली गळती म्हणजे निव्वळ अफवा. नळ पुन्हा गळका कर म्हटलं, तर डोळे फिरवून शाळेत गेली.

निर्णय: आपणच करायचं. एका फोटोपुरतं.

५ सप्टेंबर, दुपार
फोटो उत्तम आला. फक्त नळ परत घट्ट करायला गेलो तर त्याचं मुंडकं हातात आलं आणि पाणी छताला लागलं. मेन व्हॉल्व कुठे आहे हे घराच्या एकाही कागदात नाही. बायकोला ऑफिसात फोन केला. ती म्हणाली, गॅलरीत, तुमच्या आरामखुर्चीच्या मागे, आपण राहायला आल्यापासून. आवाज जरा चढा वाटला.

कन्येने आल्या आल्या सगळं जागेवर बसवलं. तिला हा अनुभव कुणामुळे मिळाला? फाइलमध्ये मी तो विषय टाळला आहे. मोठेपणा.

९ सप्टेंबर
पद्धत सापडली! कन्या शाळेत असताना मी एक छोटा, नियंत्रित बिघाड करतो. फोटो काढतो. ती येऊन दुरुस्त करते. पुन्हा फोटो. बेसिनखालचा पाइप झाला, आज फ्लशची टाकी. तिला काडीचा संशय नाही. घर जुनं झालंय असंच समजते बिचारी.

आज पाना हातात घेताना शीळही वाजवली. ऑफिसात कधी वाजवली नव्हती.

१२ सप्टेंबर
खालच्या मजल्यावरचे वकील वर आले. त्यांच्या छतातून अशिलांच्या डोक्यावर थेंब पडतायत. मी ओलीचा एखादा फोटो मागितला. ते म्हणाले, नोटीस देतो. म्हटलं, लेखी द्या, परिशिष्टाला लावू. ते पाय आपटत जिना उतरले. लोकांना सहकार्याची सवय नाही.

बायको म्हणाली, या लष्कराच्या भाकऱ्या आता पुरे. पटलं. उद्यापासून एकही बिघाड नाही. शब्द म्हणजे शब्द.

१३ सप्टेंबर
गीझरचा पाइप राहिला होता. हा शेवटचा.

१६ सप्टेंबर
शाळेत मुलाखत. नवा शर्ट, बगलेत फाइल. तपासणाऱ्या बाईंनी चार पानं उलटली आणि विचारलं, हे कोणी लिहिलंय? मी म्हटलं, आम्ही. त्यांनी कन्येकडे पाहिलं. ती म्हणाली, बाबांनी. बाई म्हणाल्या, मग क्रेडिट बाबांना द्यावं लागेल, मुलीला देता येणार नाही.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. पोरीचा कोर्स माझ्या हौसेपायी जाणार! मी बाईंना म्हटलं, चूक माझी आहे, ती फाइल कचऱ्यात टाका, तिला नळ द्या आणि बघा. एवढं आखूड वाक्य माझ्याकडून ऑफिसात कधी गेलं नसेल.

कन्येने शांतपणे मोबाइल काढला. प्रत्येक दुरुस्तीचा व्हिडिओ होता. काय बिघडलं, आधी काय चुकलं, मग कसं जमलं, सगळं तिच्याच आवाजात. आणि प्रत्येक व्हिडिओची सुरुवात एकच: ‘चला, आज बाबांनी काय मोडलंय ते बघू.’

बाई डोळ्यांना रुमाल लावून हसल्या. पूर्ण क्रेडिट! वर म्हणाल्या, बाकी मुलांच्या घरी एखादाच नळ गळतो, इतका विविध सराव कॉलेजच्या वर्कशॉपमध्येही मिळत नाही. घरी येताना कन्येने माझा हात धरला होता. मला हुंदका आला, तो मी खोकला म्हणून खपवला.

१८ सप्टेंबर
शाळेतून फोन! प्लंबिंग घेतलेल्या बाकी मुलांसाठी बाईंनी मला बोलावलंय. शेवटी गुणांची कदर झाली. भाषण लिहायला घेतलं: ‘डॉक्युमेंटेशनची मूलतत्त्वं’. पहिला मसुदा सतरा पानं. बायकोला प्रस्तावना वाचून दाखवली. तिने मध्येच मिक्सर लावला.

२३ सप्टेंबर
शाळेत वेळेआधी हजर. बाईंनी थेट प्रयोगशाळेत नेलं. बेसिनांची लांबच लांब रांग, सगळे नळ ठणठणीत. मी भाषणाचे कागद काढले. बाईंनी ते हळूच बाजूला ठेवले आणि माझ्या हातात पाना दिला. म्हणाल्या, भाषण नको. मुलं मधल्या सुट्टीनंतर येतील. तोवर तुम्ही फक्त हे नळ आणखी नीट करायचा प्रयत्न करा, तेवढं पुरे.