पाचवं कडवं

प्रिय ठमे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे बाजूला ठेवशील, याची मला कल्पना आहे. चौदा महिने माझा फोन उचलला नाहीस, मग पत्र तरी का उघडावंस? पण उघडलंच असशील तर वाच. यात एक घोडी आहे.

डॉक्टरांनी रोज तासभर चालायला सांगितलंय, आणि माझा तास नेमका तबेल्याच्या कुंपणापाशी संपतो. तिथे चिमणी भेटली. नाव चिमणी, अंगाने कपाटाएवढी. आधीच्या मालकाने तिला धाकात ठेवलं असावं. म्होरकी, म्हणजे तोंडाभोवती बांधायची ती दोरी, नुसती दिसली तरी ती मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. घोडे शिकवणाऱ्या बाई तुझ्याच वयाच्या, जिभेला धार. म्हणाल्या, "आजोबा, रोज नुसते बघत उभे राहता, त्यापेक्षा आत या. हिला रिकामटेकडा माणूसच हवाय." तुझ्या आत्याला कळलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला. "दादा, जिना चढताना कठडा धरतोस आणि घोडी धरायला निघालास? पडलास तर मी उचलायला यायची नाही." आली असती, ते सोड.

बाईंची पद्धत अशी, की धरायचं नाहीच, खेळायचं. म्होरकी खांद्यावर टाकून मैदानात शिरायचं आणि तिच्याकडे पाहायचंसुद्धा नाही. तिने एक पाऊल पुढे टाकलं, की आपण दोन मागे. मोठा रबरी चेंडू पायाने ढकलत तिच्यासमोरून जायचं, जणू आपलं तिच्याशी काही कामच नाही. आठ दिवसांत ती तो चेंडू नाकाने परत ढकलायला लागली. पुढे तर आमची शिवाशिवी रंगली. मी वळलो की ती वळायची, मी थांबलो की थांबायची, आणि मानेवर तिचा ऊन श्वास यायचा. छापखान्यात चाळीस वर्षं अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवले, पण ओळ अशी आपणहून जुळून येताना पहिल्यांदाच पाहिली.

आणि मी कविता म्हणायचो. शाळेच्या पुस्तकातल्या कविता मला अजून चालींसकट पाठ आहेत, तुझी वेणी घालताना म्हणायचो त्याच. त्यातली नदीवरची, पाच कडव्यांची, चिमणीला आवडली. चार कडवी कान टवकारून ऐकायची. पाचवं सुरू झालं, की चौखूर उधळायची. तीन आठवडे हेच. मी बाईंना म्हटलं, हिला शेवटचं कडवं रुचत नाही. त्यांनी एक दिवस कुंपणावर बसून पाहिलं आणि हसत सुटल्या. "कवीला कशाला दोष देता, आजोबा? पाचवं आलं, की तुमचा हात खांद्यावरच्या दोरीकडे जातो. तिला कविता पाठ झालीय. शेवटी काय येणार, ते तिला माहीत आहे."

ठमे, चार कडव्यांचा लळा हा पाचव्यात धरण्यासाठीच आहे, हे त्या मुक्या जिवाला कळत होतं; कळत नव्हतं ते मला. मग आपले फोन आठवले. हवापाणी, आत्याचे गुडघे, तू दुरुस्त करत असलेले पियानो, सगळं विचारून झालं, की माझा आवाज मऊ व्हायचा, आणि मी म्हणायचो, "ते दातांच्या कॉलेजचं शेवटचं वर्ष तेवढं करून टाक ना." नंतर नंतर तर आवाज मऊ झाला, की तूच म्हणायचीस, "बाबा, ठेवते." मला वाटायचं, तुला घाई असते.

दुसऱ्या दिवसापासून म्होरकी कुंपणावर टांगून आत जाऊ लागलो. पाचवं कडवं पूर्ण म्हणायचं आणि वळून सरळ बाहेर. पहिल्यांदा चिमणी बुचकळ्यात पडली. दहाव्या दिवशी फाटकापर्यंत मागोमाग आली. गेल्या मंगळवारी तिने टांगलेली म्होरकी स्वतःहून हुंगली. बाई म्हणाल्या, "घाला आता." मी नाही घातली. तिने नाक पुढे केलं तर घालीन.

आता ज्यासाठी लिहायला बसलो, ते. तू कॉलेज सोडलंस, पण तुझं नाव तिथून निघालेलं नाही. तीन वर्षं दर उन्हाळ्यात मी तुझ्या नावाने रजेचा अर्ज भरत आलो, आणि सहीही तुझी मीच केली. तुझी जागा राखतोय, अशी स्वतःची समजूत घातली होती. यंदाची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. अर्ज मी भरणार नाही. भरायचा, की नाव जाऊ द्यायचं, ते तू ठरव. काय ठरवलंस ते मला कळवायचीही गरज नाही. सहीबद्दल मात्र मला माफ कर. तुझ्या नावाखाली तू जी तिरकी रेघ ओढतेस ना, ती मला एकदाही नीट जमली नाही.

तुझाच,
बाबा