साहेब उठून उभे राहिले

आई, तुला वाचता येत नव्हतं, त्यामुळे मी तुला पत्र लिहायचे ते खरं म्हणजे वाचून दाखवणाऱ्यासाठीच. पोस्टमन वाचणार असेल तर त्याच्यासमोर बोलता येईल तेवढंच, आणि सर वाचणार असतील तर ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून. हॉस्टेलात होते तितकी वर्षं मी तुला पत्रं पाठवली, पण त्यातलं एकही निव्वळ तुला नव्हतं. आता मधे कुणी नाही. दुपारी जेवण झालं की हल्ली माझा डोळा लागतो, वयच झालं, आणि त्या अर्धवट झोपेत खर्डा गावातलं आपलं स्वयंपाकघर येतं. तू चुलीपुढं, धुरात अर्धी दिसतेस, अर्धी नाही. काहीतरी विचारतेस आणि मला उत्तर सापडत नाही. मग जाग येते आणि उरलेली दुपार मी त्या उत्तराच्या मागे फिरत राहते.

पुण्याहून मेडिकलच्या मुलाखतीचं बोलावणं आलं त्या दिवशीही तू भाकरी थापत होतीस. नगरला मामाकडे राहून मी इंटर सायन्स केलं होतं आणि गावात कुणाला त्याचा अर्थ नीटसा कळत नव्हता. अण्णांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "एकदा जाऊन ये. जागा मिळाली तर शिक. न्हाई मिळाली तर जामखेडचं स्थळ मामानं बघून ठिवलंय." वडील म्हणून अण्णा वाईट नव्हते, पण त्यांचं "एकदा" म्हणजे एकदाच असायचं. पुढच्या वर्षी पुन्हा बघू वगैरे भानगड नव्हती. तव्यावरची भाकरी तेवढी जरा करपली, आणि तुझी भाकरी कधी करपत नसे.

शाळेतले इंग्रजीचे सर धावून आले. त्यांनी शंभर पानी वहीत वीस प्रश्न लिहून दिले आणि त्यांची इंग्रजीत वीस उत्तरं. डॉक्टर का व्हायचंय, गावात दवाखाना काढाल का, असले प्रश्न. अकरावा होता खेड्यातल्या अंधश्रद्धांबद्दल, आणि त्याचं उत्तर सरांनी इतकं झोकात लिहिलं होतं की पाठ करताना मलाच माझा अभिमान वाटायचा. त्या आषाढात आभाळ नुसतं भरून यायचं आणि तसंच निघून जायचं. गावच्या किल्ल्याच्या तटावर उन्हाचा पिवळा पट्टा सरकत असायचा, आणि मी चुलीपासून उंबऱ्यापर्यंत आणि उंबऱ्यापासून चुलीपर्यंत फेऱ्या मारत ती उत्तरं घोकायचे.

सर म्हणाले होते, घरात कुणीतरी साहेब होऊन प्रश्न विचारायला हवेत. तू लगेच अण्णांची टोपी डोक्यावर चढवलीस आणि पिठाच्या हातानं पाटावर ऐटीत बसलीस. वही तुझ्या काही कामाची नव्हती, म्हणून प्रश्न तुझे तूच काढलेस.

"बाई अडलीय. घरात धा बाया जमल्यात. पयलं काय करशील?"

"हात धुवीन."

"ते तर धुशीलच गं. पयलं काय?"

"पोट तपासेन."

"पयलं तिच्या तोंडाकडं बघायचं. पोटाकडं समदीच बघत्यात, तोंडाकडं कोन बघत न्हाई."

"आई, तिथं असलं कुणी विचारत नसतं. ते इंग्रजीत विचारतात."

"मग इंग्रजीत बाईला तोंड नसतं व्हय?"

मी चिडले, पाय आपटत बाहेर गेले. तू आतून हसत होतीस. नंतर मात्र एकदा तू खरोखर रागावलीस. मी अकरावं उत्तर म्हणून दाखवत होते, तुला त्यातलं अक्षरही कळत नव्हतं, पण तू मधेच थांबवलंस. "इंग्रजी बोलतानी तू भुईकडं बघतीस. खरं सांगनाऱ्यानं वर बघावं." त्यानंतर मी भिंतीवरच्या आरशात बघून घोकायला लागले.

तू पंचक्रोशीतली सुईण. तुझ्याबरोबर मी पहिल्यांदा गेले तेव्हा दहा वर्षांची असेन. ओढ्यापलीकडची वस्ती, सकाळचं कोवळं ऊन, आणि आत एक बाई रात्रीपासून अडलेली. तू दारातूनच म्हणालीस, "पेट्या उघडा. गाठी सोडा." सासूनं कमरेच्या किल्ल्या काढून ट्रंका उघडल्या, नवऱ्यानं बैलांची दावी सोडली, कणगीचं झाकण निघालं, जमलेल्या बायांनी अंबाडे सोडले. माझ्या वेणीची रिबीनसुद्धा तू सोडलीस. मग तू त्या बाईशेजारी बसून कानात काहीबाही बोलत राहिलीस, आणि ऊन अंगणात यायच्या आत पोरगा झाला. परत येताना मी विचारलं, गाठी सोडल्या की बाळ कसं येतं गं? तू म्हणालीस, "बाळाला काय कळतंय. ती बाई बघत आसती ना. घरातलं समदं सुटल्यालं दिसलं की तिचं आंग सैल पडतं." पुढं शिकवायला मोठमोठे प्राध्यापक होते, पण भीतीनं आखडलेल्या बाईबद्दल याहून शहाणं काही मी कुणाकडून ऐकलं नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी सर स्वतः आले. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, चारित्र्याचा दाखला, सगळं त्यांनी क्रमानं पुठ्ठ्याच्या फाईलीत लावलं, फितीची दुहेरी गाठ मारली आणि बजावलं, "आता ही साहेबांसमोरच उघडायची. मधे हात लावायचा नाही." मी कसली हात लावतेय!

सकाळी उठले तर घराला काय झालंय कळेना. ट्रंका उघड्या, कणगी उघडी, तुझे केस पाठीवर मोकळे. शेळी दावं सोडून अंगणभर हिंडत होती आणि अण्णांच्या धोतराचा सोगा चघळत होती. अण्णा ओरडले. तू म्हणालीस, "आजच्या दिस ऱ्हाऊ द्या." माझी वेणीही घालेनास. "यष्टीत बसून घाल," म्हणालीस. मला हसू आलं, थोडी लाजही वाटली. एसटी हलली तेव्हा तू मोकळ्या केसांनी रस्त्यात उभी होतीस, आणि धुळीत हळूहळू विरघळत गेलीस. तो रस्ता मला अजून तसाच दिसतो, माणसं नसलेला, धुळीचा, आणि मधोमध तू.

मुक्काम मामाकडे नगरला झाला आणि दुसऱ्या दिवशी पुणं. लांबलचक व्हरांडा, बाकावर पोरं-पोरी आपापल्या वडिलांना चिकटून बसलेली. माझं नाव पुकारलं. मी पिशवीतून फाईल ओढली आणि आत शिरले, तोच तिचे दोन्ही पुठ्ठे पंखासारखे उघडले आणि माझी सगळी शाळा नि कॉलेज फरशीवर पसरलं. टेबलामागं तिघं बसलेले. एक दाखला सरकत मधल्या साहेबांच्या बुटापाशी गेला. मी गुडघ्यावर बसून कागद गोळा करायला लागले तेव्हा फीत दिसली. तुटलेली नव्हती. कुणीतरी निगुतीनं सोडून, दोन्ही टोकं सरळ करून ठेवली होती. असं कोण सोडतं ते मला माहीत होतं.

"बांधून तरी आणायची," मधले साहेब म्हणाले.

"बांधली होती सर. कुणीतरी सोडली."

"कुणी?"

आई, इतकी वर्षं मी या क्षणाभोवती घिरट्या घालते आहे. तिथं एक शब्द पुरला असता. तो दोन अक्षरांचा होता आणि बोलायला शिकले तेव्हा मी पहिल्यांदा तोच बोलले असेन. पण वीस उत्तरं डोक्यातून पार पळाली होती, डोळ्यासमोर जामखेडचं स्थळ उभं होतं, आणि तिघांच्याही तोंडावर हसू यायला लागलं होतं. मी उठले, वर बघितलं, अगदी तू शिकवलं होतंस तसं, आणि म्हणाले, "आमच्या शेजारी एक म्हातारी सुईण आहे. अडाणी आहे. गाठी सोडल्या की अडलेलं काम होतं, असं ती समजते."

तू तेव्हा चाळिशीचीही नव्हतीस.

ते तिघंही हसले. मधल्यांनी पेन खाली ठेवलं आणि इंग्रजीत विचारलं, तुम्हाला याबद्दल काय वाटतं? आणि अकरावं उत्तर परत आलं. एकही शब्द न अडखळता मी सांगितलं की अज्ञान हाच खेड्यातला मोठा रोग आहे, अशा सुईणींच्या हातून आपल्या भगिनींना सोडवायला हवं, त्यासाठीच मला डॉक्टर व्हायचंय. डावीकडचे साहेब मान डोलवत होते. शेवटी त्यांनी विचारलं, वडील काय करतात? शेती. आई? मी म्हणाले, घरकाम. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. जागा मला तिथंच मिळाली हे मला त्यांच्या लिहिण्यावरून कळलं. बाहेर व्हरांड्यात येऊन मी फितीची गाठ मारली, पण ती काही केल्या धड बसेना.

खर्ड्याच्या स्टँडवर तू वाट बघत होतीस. मी उतरायच्या आत विचारलंस, "माझं इचारलं का गं कुनी?"

मी तुझ्या तोंडाकडं बघितलं. आणि म्हणाले, "विचारलं ना. आई काय करते म्हणाले. मी सांगितलं, सुईण आहे. तर मधले साहेब उठून उभे राहिले."

"उभं ऱ्हायले?"

"हो."

"माझ्यासाठी?"

"मग कुणासाठी?"

तू पदर सारखा केलास, जणू ते साहेब स्टँडवरच उभे होते. मी लाजेनं मेले होते, आणि मला बरंही वाटत होतं. दोन्ही एकदम वाटू शकतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

मला वाटलं, विसरशील. कसली विसरतेस! पुढं जिथं जिथं बाळंतपणाला गेलीस तिथं तू ती गोष्ट सांगितलीस. कळा देणाऱ्या बाईच्या उशाशी बसून, "माझं नाव घेतलं, तर सायेब ताडकन उभं ऱ्हायलं गं," आणि उठून साहेबाचं सोंग करून दाखवायचीस. बाया कळांतही हसायच्या, सैल पडायच्या. माझ्या त्या थापेवर किती पोरं सुखरूप जगात आली असतील देव जाणे. तुझ्या शेवटच्या दुखण्यात, माझ्याच दवाखान्यात, तू सलाईन लावणाऱ्या पोरगेल्या डॉक्टरला ती ऐकवलीस. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली, हो, असंच झालं होतं. तू डोळे मिटलेस ते समाधानानं. तेव्हा तरी सांगायला हवं होतं, असं मला वाटतं. आणि नाही सांगितलं ते बरं केलं, असंही वाटतं.

मागच्या महिन्यात जामखेडला माझा सत्कार होता. समोर बारावीच्या मुली बसल्या होत्या, डॉक्टरकीची स्वप्नं बघणाऱ्या. एकीनं विचारलं, तुमच्या मुलाखतीत काय झालं होतं? मी ठरवूनच गेले होते की आता लाजायचं कुणाला, खरं ते सांगून टाकायचं. उभी राहिले, त्या मुलींकडं बघितलं, आणि सांगितलं की मी म्हणाले, माझी आई सुईण आहे, आणि साहेब उठून उभे राहिले. टाळ्या थांबेनात. आई, सांगताना मला ते खरंच दिसलं. खुर्ची मागं सरकल्याचा आवाजसुद्धा आला. तुझी नात पहिल्या रांगेत बसून डोळे पुसत होती. तीही डॉक्टर आहे, तिच्या विद्यार्थिनींना ती हीच गोष्ट सांगते. म्हणून हे कागद तिच्या हाती लागायच्या आत मी फाडून टाकणार आहे. पण फाडण्याआधी एकदा तुला सांगते. त्या खोलीत मला कुणी बस म्हणालं नाही, आणि ते तिघंही शेवटपर्यंत बसूनच होते. उभी फक्त मी होते.