अंड्यावरची टकटक

हॅलिफॅक्स,
सोमवार, ४ मार्च १८६७

प्रिय डॉर्कस,

हे पत्र वाचून झालं की शेकोटीत टाक. एरवी मी असं गमतीनं लिहिते, आज मनापासून लिहिते आहे. मिस्टर टॅटरसॉल लोकर बाजारात गेलेत आणि माझी नणंद बर्था चर्चच्या बायकांकडे. माझ्या हाताशी फार तर तासभर आहे. अक्षर वेडंवाकडं येतंय, सांभाळून घे.

आमच्याकडची चहानंतरची पद्धत तुला ठाऊक आहेच. वाचनालयातून कादंबरी येते, मिस्टर टॅटरसॉल ती मोठ्यानं वाचतात आणि आम्ही बायका शिवत बसतो. बायकांच्या कानी पडू नये असं काही आलं की ते घसा खाकरून दोन पानं उलटतात, आणि मधलं काही गळलं हे आम्हाला कळलंच नाही असं आम्ही दाखवतो. फेब्रुवारीत बर्था जी कादंबरी घेऊन आली, तिच्यावर नाव होतं एडविन हॅलम. माझ्या हातातली सुई खाली पडली. हा हॅलम म्हणजे मी, हे तुझ्याशिवाय जगात कुणालाच माहीत नाही. प्रकाशकालासुद्धा तुझाच पत्ता दिलेला. दोन खंड होईपर्यंत मी माझीच वाक्यं नवऱ्याच्या तोंडून ऐकत माझ्या लेकीच्या, फीबीच्या झग्याला टाके घालत होते. त्यांना पुस्तक फार आवडलं. "पुरुषाचा हात कसा लगेच कळतो बघ," ते बर्थाला म्हणाले, "बाईनं लिहिलं असतं तर एव्हाना तीनदा रडारड झाली असती." मी मान डोलावली. खोटं कशाला सांगू, मला मनातून गुदगुल्या होत होत्या.

मग आला तिसरा खंड. डॉर्कस, तू लिहिलं होतंस ना, अंड्याचं तेवढं काढून टाक म्हणून? मी ऐकलं नाही. मिस्टर टॅटरसॉल रोज सकाळी उकडलेल्या अंड्यावर चमच्यानं तीनदा टकटक करतात आणि विचारतात, "कोण आहे घरात?" लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात मी पोट धरून हसले होते. त्याला आता नऊ वर्षं झाली. माझ्या नायिकेला मागणी घालणारा गृहस्थ तेच करतो, आणि ती बसल्या बसल्या चाळीस वर्षांची अंडी मोजते नि त्याला नकार देते. परवाच्या मंगळवारी ते पान आलं. मिस्टर टॅटरसॉलनी "कोण आहे घरात?" पर्यंत वाचलं आणि बर्था खदखदून हसली. "अगंबाई! हा तर आपला सॅम्युएल!" तिचं हसू मध्येच विरलं. त्यांनी पुस्तक मिटलं आणि ते माझ्याकडे बघत राहिले.

मला वाटलं, संपलं, कळलं यांना. पण त्यांच्या डोक्यात काय आलं असेल? ते म्हणाले, "माझ्या न्याहारीच्या टेबलावरच्या गोष्टी या परक्या पुरुषाला कोणी सांगितल्या? कुठे भेटतेस त्याला?"

मी लिहिलं असेन, हे त्यांच्या मनाला शिवलंसुद्धा नाही. माझा कोणी पुरुष असेल, हे मात्र लगेच पटलं! आधी मला हसूच फुटणार होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी अंडं तसंच बाजूला सारलं. शनिवारी मोलकरणीला सांगितलं, फीबीची पेटी भरून ठेव, ती व्हिटबीला माझ्या आत्याबाईंकडे राहील. सात वर्षांची आहे गं ती. मूल बापाचं, त्यात माझं काही चालत नाही. खरं सांगावं म्हणून दोनदा तोंड उघडलं. पण लग्न झालेल्या बाईनं लिहिलेलंही कायद्यानं नवऱ्याचंच. पहिलं पुस्तक ते बाजारातून उठवतील, तुझ्याकडे ठेवलेलं दुसरं माझ्यासमोर जाळतील, आणि पुन्हा टाकाला हात लावू देणार नाहीत. हॅलमचा पत्ता विचारायला त्यांनी प्रकाशकाला पत्र टाकलं होतं, आज सकाळी त्याचं उत्तर आलं: मिस्टर हॅलम यांची पत्रं स्किप्टनला मिस डॉर्कस पिम यांच्या पत्त्यावर जातात. "म्हणजे तुझी मैत्रीण त्याला आसरा देते," ते म्हणाले, "गुरुवारी मी स्वतः जातो."

माझ्या लग्नात बायका तुझ्याकडे बघून "बिचारी डॉर्कस, हिचं कसं व्हायचं" म्हणत होत्या. कबूल करते, गाडीत बसताना मीही तेच म्हटलं होतं. आज तुझी शाळा तुझी आहे, तुझ्या दाराची किल्ली तुझी आहे, आणि तू जे लिहिशील तेही तुझंच राहील. माझ्या नावावर तर माझं नावसुद्धा नाही.

म्हणून हे पत्र. गुरुवारी ते दार ठोठावतील आणि विचारतील, एडविन हॅलम कुठे आहे. तू म्हण, मीच. तुझ्या कपाटातलं दुसरं हस्तलिखित माझ्या अक्षरात आहे; जमतील तेवढी पानं आजच तुझ्या हातानं उतरवून टेबलावर ठेव आणि तेवढी माझी जाळून टाक. पहिली वीस पुरतील; बाकीची लपवून ठेव. एकदा तू हो म्हणालीस की दोन्ही पुस्तकं कायमची तुझी. मी कधीच त्यांच्यावर हक्क सांगणार नाही, हे लिहिताना माझा जीव तुटतोय. कादंबरी लिहिणाऱ्या बाईच्या शाळेतून चार आया मुलींना काढून घेतील, हेही मला कळतं. तू नाही म्हणालीस तर मी रागावणार नाही. अंड्याचं कसं कळलं असं ते विचारतीलच. सांग, लविनिया येते तेव्हा नवऱ्याच्या चहाड्या करते. ते त्यांना चटकन पटेल.

तुझीच,
लविनिया