साडेअकराशे पुस्तकं, विषय मराठी

मु. पो. व ता. वाशी,
दि. २३ जून २०२५

आदरणीय महांतप्पा काका,

श्रावस्तीचा जय भीम, आणि तुमच्या पद्धतीने शरणार्थ. इकडे सगळे मजेत. उमरग्याला लेकीकडे तुमचीही तब्येत बरी असेल आणि नातू तुम्हाला रात्री थोडं तरी झोपू देत असेल, अशी आशा आहे. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्र लिहिते आहे. चाळीस वर्षं ग्रंथपाल राहिलेला माणूस लिहिलेला कागद न वाचता फेकणार नाही, एवढा मला भरवसा आहे.

आधी मोठी बातमी. आपण जिंकलो, काका! तुम्ही होतात तेव्हा वाचनालयात दिवसाला दहाबारा माणसं यायची, तीही पेपर तोंडावर घेऊन पंख्याखाली झोपायला. आता बाजाराच्या दिवशी बाकांवर जागा मिळत नाही. लोक पुस्तकासाठी नंबर लावतात आणि धनाजी त्यांच्यावर ओरडतो. तो नववीत आहे, पण काउंटरवर बसला की तहसीलदारच होतो.

हे कसं झालं ते सांगते. अर्धं तुम्हाला माहीतच आहे, तरी माझ्या तोंडून ऐका.

मे महिन्यात तुम्ही दारावर पाटी लावलीत, ‘सुट्टीत वाचनालयात मदतीला मुलं-मुली हवीत. पगार नाही. धूळ भरपूर.’ तरी आम्ही आठ जण आलो. धूळ झटकली, पानं चिकटवली, शिक्के मारले. मग नातवाच्या बारशासाठी तुम्ही आठवडाभर उमरग्याला निघालात आणि जाताना म्हणालात, “फाटक्या पुस्तकांना तेवढी कव्हरं घालून ठेवा गं पोरी.”

फाटक्या! एवढंच म्हणाला होतात. पण तुम्ही परत याल तेव्हा तुमचे डोळे दिपले पाहिजेत, असं कुणाच्या तरी डोक्यात आलं. खाकी कागदाचे रोल आणले आणि साडेअकराशेच्या साडेअकराशे पुस्तकांना कव्हरं चढवली. जूनमध्ये घरोघरी चढवतात तशी, कोपरे दुमडून, चापूनचोपून. नावं गेली, नंबर गेले. त्यावर आमची हुशारी अशी की शाळेच्या वह्यांची लेबलं चिकटवली आणि सवयीने भरून टाकली. नाव: धनाजी. इयत्ता: नववी. विषय: मराठी. पुढचं पुस्तक, नाव: धनाजी, इयत्ता: नववी, विषय: मराठी. पाच दिवस आठ जण आपापल्या नावाने हेच लिहीत होतो आणि एकाच्याही लक्षात आलं नाही!

तुम्ही परत आलात ते नेमके कमिटीच्या बैठकीच्या दिवशी. त्या शनिवारचं मी नंतर लिहिते.

तुम्ही राजीनामा देऊन गेल्यावर अध्यक्ष आण्णासाहेबांनी आम्हाला दहा दिवस दिले. म्हणाले, “कोणतं पुस्तक कोणतं हाय, ते हुडकून लिवा. न्हायतर पुन्हा ह्या दारात पाय ठिवायचा न्हाय.” कव्हरं फाडून टाकणं सोपं होतं. पण कितीतरी पुस्तकं त्या कव्हरांमुळेच पहिल्यांदा धड उभी राहिली होती, ती पुन्हा उघडी करायला जीव होईना. मग प्रत्येक पुस्तक उघडून आतलं नाव वाचायला बसलो, आणि जुन्या लेबलांवर नवी चिकटवली. नावाच्या रेघेवर पुस्तकाचं नाव, इयत्तेच्या रेघेवर ते कुणी वाचावं, आणि विषय? तिथे आम्ही आम्हाला कळलं ते लिहिलं.

विषय: सासू शेवटी सुधारते, पण फार उशिरा.
विषय: विहिरीवरून तीन पिढ्यांचं भांडण. चूक दोघांचीही.
विषय: कविता. अर्ध्या समजल्या. न समजलेल्या जास्त आवडल्या.

सगळी पुस्तकं अथपासून इतिपर्यंत वाचली असं खोटं सांगणार नाही. पहिली दहा पानं, मधली चार आणि शेवट. पण एकदा सुरू केलेली काही खाली ठेववेनात, ती घरी नेऊन वाचली. धनाजी एका कादंबरीसाठी शेळ्यांमागे जायचंच विसरला आणि बापाच्या शिव्या खाल्ल्या.

अकरा जूनला दार उघडलं. भाजी विकणाऱ्या बनाबाई पाणी प्यायला आत आल्या. प्रौढवर्गात वाचायला शिकल्या होत्या, पण पुस्तक कधी हातात धरलं नव्हतं. बोट ठेवून ठेवून लेबल वाचलं आणि म्हणाल्या, “ही सासू मला दी. माजी तर सुदरली न्हाय, हिची कशी सुदरली बगते.” चौथ्या दिवशी परत आल्या त्या सोबत तिघींना घेऊन. तिथून जे सुरू झालं ते थांबलेलं नाही. एका मास्तरांनी तेवढी तक्रार केली, लेबलावर शेवट फोडता म्हणून. आता शेवट लिहीत नाही.

काल रविवारी कमिटीने आमचा सत्कार ठेवला होता. मंडप, माईक, सगळं. आण्णासाहेबांनी माझ्या खांद्यावर शाल घातली आणि म्हणाले, “समद्या पुस्तकास्नी कव्हरं घालायची ही मूळ कल्पना महांतप्पाची. त्येंची चूक झाली, पर ह्या पोरीनं चुकीचं सोनं केलं!” टाळ्या वाजल्या. काका, ती शाल मला मुंग्यांसारखी चावायला लागली.

आता त्या शनिवारचं लिहिते. आणखी टाळता येत नाही.

सगळ्या पुस्तकांना कव्हरं घालू या, हे माझ्या डोक्यातलं होतं. आमच्यातली वर्षाराणी म्हणाली होती, “काकांना विचारू.” मीच म्हणाले, नको. बैठकीत आण्णासाहेबांनी टेबलावर हात आपटून विचारलं, “हे कुणी केलं?” मी तुमच्यापासून दोन हातांवर उभी होते. तुम्ही एकदा माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, “म्याच सांगितलं हुतं. पोरांचा दोष न्हाय.” चाळीस वर्षांची नोकरी सोडून तुम्ही उठलात आणि मी जमिनीकडे बघत राहिले. तुमची पाठ दाराबाहेर जाईपर्यंत माझ्या तोंडून एक शब्द निघाला नाही. मी घाबरले होते. बाकी काही कारण नाही.

काल तो शब्द निघाला. शाल काढली, माईक धरला, आणि शेवटपर्यंत सगळं सांगितलं. मग धनाजी उठला, “आमी बी गप बसलो हुतो.” मग वर्षाराणी. मग आठही जण उभे.

आण्णासाहेब खुर्चीतून उठले. मग माईक न घेताच म्हणाले, “मग हा सत्कार चुकीच्या माणसाचा व्हायलाय. म्या बी त्येंना धड इच्यारलं न्हाय.” त्यांनी तिथेच वही मागवली आणि सगळ्यांदेखत तुमचा राजीनामा नामंजूर केल्याचं लिहिलं. काय टाळ्या वाजल्या, काका! मघापेक्षा दुप्पट. बनाबाईंनी तर शिट्टी मारली.

येत्या रविवारी आम्ही आठ जण आणि आण्णासाहेब तुम्हाला न्यायला उमरग्याला येतोय. ते माफी मागणार आहेत. मीही मागणार आहे, पण लगेच देऊ नका. आधी मला रागवा. लेकीसमोर, जावयासमोर, सगळ्या गल्लीसमोर रागवा. त्या दिवशी माझ्या वाटचं तुम्ही ऐकून घेतलंत. आता माझं मला ऐकू द्या, आणि मग आमच्याबरोबर घरी चला.

तुमची, मान वर करून उभी असलेली,
श्रावस्ती